लोट्याला लागलात? मग केमिस्टांच्या संघटनेचं बघून घ्या

मी लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत केमिस्ट म्हणून लागलो, तेव्हा आमच्या आतेने विचारलं होतं, "मग आता मेडिकल कधी टाकतोस?" अजूनही गणपतीत भेटली की विचारते. तिचं चुकत नाही. आपल्याकडे केमिस्ट म्हणजे औषधाच्या दुकानातला माणूस. रिअॅक्टरवर रात्रपाळी काढणाऱ्याला किंवा क्यूसीत (माल तपासायच्या प्रयोगशाळेत) दिवसभर ब्युरेटसमोर उभं राहणाऱ्याला वेगळा शब्द नाही. रसायनशास्त्रज्ञ असा एक आहे, पण तो कुणी स्वतःबद्दल वापरला की ऐकणाऱ्याला हसू येतं.

हे सांगायचं कारण, पहिला घोळ इथूनच सुरू होतो. आमच्या लॅबमधल्या एका नव्या मुलाने "केमिस्ट असोसिएशन" शोधून थेट फोन लावला. पलीकडच्या गृहस्थांनी दुकानाचा परवाना क्रमांक विचारला, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. ती औषधविक्रेत्यांची संघटना होती.

म्हणून आधी काय नको ते बाजूला काढू. औषधविक्रेत्यांची संघटना वेगळी. रासायनिक कारखानदारांची इंडियन केमिकल कौन्सिल वेगळी, तिथे कंपन्या सभासद असतात. औषध कंपनीत असाल तर एफडीएकडून (अन्न व औषध प्रशासनाकडून) तुमच्या नावाला अप्रूव्हल मिळतं, तेही वेगळं. ती सरकारी मान्यता आहे आणि ती कंपनीच्या परवान्याला बांधलेली असते. आणि एचआरशी बोलताना "संघटना" हा शब्दच टाळा. मी तो वापरला आणि साहेबांचा चेहरा असा पडला, जणू उद्या गेटवर झेंडा लागणार. "व्यावसायिक संस्था" म्हणा, सही लगेच मिळते.

सभासद व्हायचं कशाला?

सक्ती कुणाचीच नाही. फार्मासिस्टला १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली नोंदणी लागते, डॉक्टर-वकिलांनाही लागते. एमएससी केमिस्ट्री झालेल्याला असं काहीच लागत नाही. सभासद नाही म्हणून तुम्हाला प्लांटमधून कुणी बाहेर काढणार नाही.

पण एक गोष्ट मला दहा वर्षांनी कळली, ती तुम्हाला पहिल्या वर्षी कळावी. प्लांटमधलं तुमचं काम बॅच रेकॉर्डमध्ये, कंपनीच्या सर्व्हरवर आणि मॅनेजरच्या डोक्यात राहतं. नोकरी बदलली, गेटपास जमा केला, की ते सगळं आतच राहिलं. बाहेर तुमच्या नावावर काय? अनुभवाचा एक दाखला, त्यावर "कालावधीत वर्तणूक समाधानकारक". अशा संस्थेच्या मीटिंगमध्ये लावलेलं कामाचं पोस्टर, दिलेलं भाषण, मिळालेलं बक्षीस मात्र तुमच्या नावाने नोंदलं जातं आणि तुमच्याबरोबर येतं. रोह्याहून लोट्याला या, लोट्याहून वापीला जा, ते पुसलं जात नाही.

कुठली निवडायची

पहिल्या वर्षी एकच. चार ठिकाणी पैसे भरून एकाही ठिकाणी न जाणारे खूप पाहिलेत.

एमएससी करून नुकते लागलेल्यांनी इंडियन केमिकल सोसायटीकडे आधी बघावं. १९२४ साली कोलकात्यात स्थापन झाली, पहिले अध्यक्ष आचार्य प्रफुल्लचंद्र राय. शंभरी ओलांडलेली संस्था आहे, स्वतःचं जर्नल आहे, वार्षिक अधिवेशन आहे. अडचण एवढीच की कारभार कोलकात्याचा आणि आपण चिपळूणचे. अधिवेशनाला गेलात तरच सभासदत्वाला अर्थ.

पीएचडी करत असाल किंवा आर अँड डीत असाल, तर केमिकल रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया. १९९९ ची, बंगळुरूची, भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातली. उभी केली ती रसायनशास्त्रज्ञ सी. एन. आर. राव यांनी. हिचं राष्ट्रीय चर्चासत्र वर्षाच्या सुरुवातीला, बहुतेकदा फेब्रुवारीच्या आसपास असतं. देशातली संशोधक मंडळी तिथे एका मांडवाखाली सापडतात. ज्यांचे पेपर वाचून तुम्ही एमएससीचा प्रोजेक्ट केला, ते चहाच्या रांगेत तुमच्या पुढे उभे असतात.

बीई किंवा बीटेक केमिकल झालेल्यांचा प्रश्नच नाही. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल इंजिनियर्स, १९४७ ची, मुख्यालय जादवपूरला. डिसेंबरअखेरीला तिचं वार्षिक अधिवेशन, केमकॉन, भरतं. मुंबईत विभागीय केंद्र आहे, त्यामुळे आपल्याला सगळ्यात जवळची हीच. लोणेऱ्याच्या विद्यापीठातल्या मुलांनी विद्यार्थी असतानाच सभासद व्हावं, फी कमी पडते.

आता परदेशी. लंडनची रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री. मूळ १८४१ ची केमिकल सोसायटी. १९८० साली आणखी तीन संस्थांशी विलीन होऊन आजचं रूप आलं. हिचं वेगळेपण म्हणजे नावापुढे लावायची अक्षरं: एएमआरएससी, मग एमआरएससी, मग एफआरएससी. पहिलं पदवीवर मिळतं, दुसऱ्यासाठी कामाचा अनुभव दाखवावा लागतो, तिसरं फेलोचं, त्याला कर्तृत्व लागतं. मुंबईत हिचा वेस्ट इंडिया विभाग आहे. माझं मत विचाराल तर परदेशी ग्राहकांच्या ऑडिटला सामोरं जाणाऱ्यांना आणि बाहेर जायचा विचार असणाऱ्यांना हिचा उपयोग होतो. लोट्याच्या पहिल्या पगारात मात्र पौंडातली वार्षिक फी टोचते. अमेरिकन केमिकल सोसायटी, १८७६ ची, जगातल्या मोठ्या संस्थांपैकी, तिच्याबद्दलही हेच.

छोट्या, एका विषयाच्या संस्था लोक विसरतात आणि तिथेच ओळखी लवकर होतात. कॉलेजात शिकवत असाल, मग रत्नागिरी असो की सावंतवाडी, तर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातून चालणारी असोसिएशन ऑफ केमिस्ट्री टीचर्स बघा. वेंगुर्ल्याकडे काजूच्या टरफलाच्या तेलावर किंवा कोकमाच्या मुठेलावर (बियांच्या तेलावर) काम करत असाल, तर ऑइल टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशन.

अर्ज भरताना

अर्ज सोपा असतो, अडकतो तो कागदांवर. पदवी प्रमाणपत्र (नुसती मार्कशीट चालेलच असं नाही), अनुभवाचा दाखला, फोटो, आणि बऱ्याच ठिकाणी सूचक-अनुमोदक म्हणून जुन्या सभासदाची सही. ही सही कुठून आणायची? तुमच्या कॉलेजातल्या विभागप्रमुखांकडून. ते बहुधा कुठल्या ना कुठल्या संस्थेचे आजीव सभासद असतात आणि जुना विद्यार्थी काहीतरी मागायला आला याचा त्यांना आनंदच होतो. जाताना आंबे न्या किंवा नका नेऊ.

नावाचं सांभाळा. दहावीच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, पेपरवर तिसरं स्पेलिंग, असं आपल्याकडे सर्रास असतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींचे तर दोन दोन माणसांइतके रेकॉर्ड होतात. यावर साधा उपाय म्हणजे ऑर्किड (ORCID) क्रमांक, संशोधकाची कायमची ओळख. सोळा आकडी, फुकट, पाच मिनिटांत मिळतो. पहिला पेपर छापण्याआधी काढा आणि प्रत्येक अर्जात तोच टाका.

आणि सगळं स्कॅन करून ठेवा. ही सूचना तुम्ही शंभरदा ऐकली असेल, मीही ऐकली होती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा माझी प्रमाणपत्रांची फाइल खालच्या कपाटात होती. पाणी ओसरल्यावर ती हातात घेतली तर कागद एकमेकांना चिकटून एकच लादी झालेली, वर चिखलाचा थर, आणि शाई सगळी प्लॅस्टिकच्या कव्हरला उतरलेली. पदवीची दुसरी प्रत विद्यापीठातून मिळाली. एका चर्चासत्रातल्या पोस्टर पारितोषिकाचं प्रमाणपत्र कायमचं गेलं. ते मिळालं होतं हे मला माहीत आहे आणि बायकोला.

आजीव की वार्षिक? भारतीय संस्था असेल आणि पुढच्या दहा वर्षांत केमिस्ट्री सोडायचा विचार नसेल, तर आजीव. परदेशी असेल तर वार्षिक.

पहिल्या वर्षात काय करायचं

एका तरी मीटिंगला जा. मुंबईतले बरेच कार्यक्रम माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत) होतात. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग (यूडीसीटी) म्हणून सुरू झालेली हीच ती संस्था. चिपळूणहून रात्रीची तुतारी एक्सप्रेस पकडली की सकाळी दादर, तिथून माटुंगा हाकेच्या अंतरावर. शनिवारचा कार्यक्रम असेल तर एकच रजा जाते.

रिकाम्या हाताने जाऊ नका, पोस्टर लावा. "कंपनीचं काम सांगता येत नाही" ही आपली नेहमीची तक्रार असते आणि ती खरी आहे. पण पद्धत सांगता येते. एखाद्या अशुद्धीसाठी एचपीएलसीची (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायच्या यंत्राची) पद्धत कशी बसवली, हे प्रॉडक्टचं नाव न घेता सांगता येतं. किंवा विषय घराजवळचा घ्या. रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असतं, रंग अँथोसायनिनचा असतो. आमसूल वर्षभरात काळं का पडतं, यावर नीट केलेलं छोटं काम कुठल्याही पोस्टर सत्रात उठून दिसेल. काजूच्या टरफलातलं अॅनाकार्डिक आम्ल तापवलं की कार्बन डायऑक्साइड सुटून कार्डानॉल होतं, हे आपल्या काजू कारखान्यांत रोज घडतं. किती तापमानाला, किती वेळात, याचा तक्ता कुणी मांडला तर ऐकायला गर्दी होईल.

विषय लहान वाटतो म्हणून सोडू नका. दुर्गाबाई भागवतांच्या बहीण कमला सोहोनी यांचं उदाहरण घ्या. केंब्रिजहून १९३९ साली पीएचडी करून आलेल्या या जीवरसायनशास्त्रज्ञ बाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला तो नीरेवरच्या कामासाठी. आपल्या किनाऱ्यावरच्या माडाला मडकं बांधून काढतात तीच नीरा.

पुरस्कारांचं गणित

पुरस्कार तीन प्रकारचे असतात आणि नवखा माणूस तिन्हींची गल्लत करतो.

एक, चर्चासत्रातली बक्षिसं: पोस्टर, तोंडी सादरीकरण. इथे अर्ज म्हणजे तुमचा गोषवारा. सुरुवात इथूनच करा.

दोन, संस्थेची पदकं आणि पारितोषिकं. केमिकल रिसर्च सोसायटी सुवर्ण, रौप्य, कांस्य पदकं देते. केमिकल इंजिनियर्सच्या पुरस्कारांचं वाटप केमकॉनमध्ये होतं. यांना वयाची अट, सभासदत्वाची अट आणि मुख्य म्हणजे नामांकनाची अट असते. काही ठिकाणी स्वतः अर्ज करता येतो, काही ठिकाणी दुसऱ्या कुणीतरी नाव सुचवावं लागतं. नियमावलीत सगळ्यात आधी हे वाक्य शोधा. (नोबेलला स्वतःचं नाव पाठवलं तर ते विचारातच घेत नाहीत, आणि कुणी कुणाला सुचवलं हे पन्नास वर्षं गुप्त ठेवतात. आपलं प्रकरण तेवढं कडक नाही.)

प्लांटमधल्या लोकांसाठी चांगली बातमी म्हणजे गटाला मिळणारे पुरस्कार वाढलेत. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने २०२१ पासून होरायझन पारितोषिकं सुरू केली, ती आख्ख्या गटाला मिळतात, तंत्रज्ञांसह. औद्योगिक काम एकट्याचं कधीच नसतं, त्यामुळे मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. ऑपरेटरने व्हॉल्व्ह वेळेवर बंद केला नसता तर तुमचं यील्ड कुठून आलं असतं?

तीन, सरकारी. १९५८ पासून शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार होता; आता तो राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत सामावला आहे. विज्ञान रत्न, विज्ञान श्री, ४५ वर्षांपर्यंतच्यांसाठी विज्ञान युवा, आणि विज्ञान टीम. २०२४ साली पहिल्यांदा दिले, टीमचा पुरस्कार चांद्रयान-३ च्या गटाला गेला. हा आपला पहिल्या पाच वर्षांचा विषय नाही, पण रचना माहीत असू द्या.

अर्जातला मजकूर

इथे मी जास्त वेळ घेणार, कारण नव्वद टक्के अर्ज इथेच मरतात.

आमच्याकडच्या एका सहकाऱ्याने लिहिलं होतं: "मी सॉल्व्हंट रिकव्हरी विभागात अनेक महत्त्वपूर्ण सुधारणा केल्या असून कंपनीस मोठा आर्थिक लाभ झाला." वाक्य शुद्ध आहे, आणि त्यात काहीही नाही. आम्ही दोघं कॅन्टीनमध्ये बसलो. मी विचारत गेलो: कुठलं सॉल्व्हंट? टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान). काय बिघडत होतं? रिकव्हर केलेल्यात पाणी राहायचं. किती? कार्ल फिशरवर (पाणी मोजायच्या चाचणीत) ०.३ टक्के. मग? ग्रिगनार्ड अभिक्रियेची बॅच सुरूच व्हायची नाही, तिला पाणी चालत नाही, मॅग्नेशियम तसंच पडून. काय केलंस? डिस्टिलेशननंतर पाणी शोषणाऱ्या मॉलिक्युलर सिव्हचा कॉलम बसवला आणि कॉलम रीजनरेट कधी करायचा त्याचा तक्ता बनवला. आता पाणी किती? ०.०५ च्या खाली.

मग वाक्य असं झालं: "रिकव्हर केलेल्या टीएचएफमधलं पाणी ०.३ टक्क्यांवरून ०.०५ टक्क्यांच्या खाली आणलं. त्यामुळे ग्रिगनार्डची बॅच सुरू न होण्याचा प्रकार थांबला आणि नवं टीएचएफ विकत घेणं कमी झालं." परीक्षकाला यात माणूस दिसतो. अडचण काय, तुम्ही काय केलं, आकडा किती हलला: एवढंच लिहायचं. "महत्त्वपूर्ण", "उल्लेखनीय" हे शब्द शिफारसपत्र देणाऱ्यासाठी सोडा.

आकडे आठवणीतून लिहू नका. दर महिन्याच्या शेवटी एका खासगी वहीत चार ओळी टाका: काय बिघडलं, काय बदललं, आधीचा आकडा, नंतरचा आकडा. प्रॉडक्टची नावं आणि प्रक्रियेचे तपशील त्यात नकोत. ती कंपनीची मालमत्ता आहे.

त्याचबरोबर कंपनीची लेखी परवानगी. तोंडी "कर रे" वर जाऊ नका. साहेब बदलले की "कर रे" ही बदलतं. कामात पेटंट होण्यासारखं काही असेल तर आधी पेटंटचा अर्ज, मग भाषण. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये एक सवलत आहे: शोध लावणाऱ्याने विद्वत्संस्थेपुढे निबंध वाचला किंवा त्याच्या संमतीने तो संस्थेच्या कार्यवृत्तात छापला गेला, तर १२ महिन्यांच्या आत अर्ज केल्यास शोधाचं नवेपण गेलं असं धरत नाहीत. पण युरोपात अशी सवलत मिळत नाही. निर्यात करणाऱ्या कंपनीच्या केमिस्टने या कलमाच्या भरवशावर राहू नये.

शिफारसपत्रासाठी निदान सहा आठवडे आधी सांगा. मोठ्या नावापेक्षा काम पाहिलेला माणूस बरा. बरोबर एका पानावर तुमच्या कामाचे मुद्दे द्या, म्हणजे त्यांना "ही व्यक्ती कष्टाळू व मनमिळाऊ आहे" असं लिहायची वेळ येत नाही.

विकतचे पुरस्कार

सभासद झालात, एखादा पेपर छापला, की ईमेल सुरू होतात. "आपली आंतरराष्ट्रीय सर्वोत्कृष्ट वैज्ञानिक पुरस्कारासाठी निवड झाली आहे." तुम्ही अर्जच केलेला नसतो. पुढे नोंदणी शुल्क, ट्रॉफीचं शुल्क, प्रमाणपत्राच्या कुरिअरचं शुल्क. मी ओळखतो अशा एकाने भरले. ट्रॉफी आली, नावाचं स्पेलिंग चुकलेलं. दुरुस्तीचं शुल्क वेगळं.

ओळखायचं कसं? आधीच्या विजेत्यांची यादी बघा, त्यातल्या दोघा-तिघांचं काम शोधा. निवड समितीत कोण आहे ते बघा. एकाच वर्षी शेकडो "सर्वोत्कृष्ट" असतील तर उत्तर मिळालं. नामांकनासाठी किरकोळ शुल्क काही चांगल्या संस्थाही घेत असतील, पण जिंकल्यावर पैसे मागणारी संस्था तुम्हाला ट्रॉफी विकतेय, एवढं धरून चाला.

शेवटची तारीख

परदेशी संस्थेची वेळ तिथल्या घड्याळाने असते. लंडनचे संध्याकाळचे पाच म्हणजे आपले उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. हे माहीत होतं म्हणून मी एकदा जूनमध्ये निवांत राहिलो. जेवून आठला बसलो आणि वीज कडाडून लाईट गेली. इन्व्हर्टर आधीच मान टाकलेला, थोड्या वेळाने मोबाइलची रेंजही गेली. शेवटी रेनकोट चढवून, लॅपटॉप दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून हायवेवरच्या पेट्रोलपंपावर गेलो. त्यांच्या जनरेटरवर प्लग लावला आणि नऊ वाजून अठरा मिनिटांनी अर्ज पाठवला. पंपावरच्या पोऱ्याने विचारलं, "काय सर, रिझल्ट हाय काय?"

पुरस्कार मिळाला नाही. दोन महिन्यांनी नकाराचं पत्र आलं, तेव्हा अर्ज पुन्हा उघडून वाचला. तिसऱ्या परिच्छेदात आकड्याच्या जागी "नंतर टाकणे" असं मीच लिहून ठेवलं होतं, आणि ते तसंच लंडनला गेलं होतं.